२०० मिनिटं, एक बॉल आणि ऑक्टोबरातली भांडणं

२०२५ च्या ऑक्टोबरात एकदा सांगलीहून दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोघांशी तावातावाने बोलत होतो. फोन उचलला तर तो म्हणे, "कुणाशी भांडतोयस का रे?" म्हटलं नाही दादा, इथल्या युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममध्ये यंदा सेंटरला कोण किती मिनिटं खेळणार यावर चाललंय. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मॅच कधी आहे?" नोव्हेंबरात. "अरे मग आत्ता कशाला? आणि पाचच जण खेळतात ना? सगळ्यात भारी पाच निवडायचे आणि सोडायचे मैदानात, त्यात एवढं काय डोकं लावायचं?"

तेव्हा मी उडवून लावलं, पण नंतर वाटलं की प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकेत दर वर्षी ऑक्टोबर आला की कॉलेज बास्केटबॉलचे लाखो फॅन जे वाद घालत बसतात ते सगळे शेवटी याच प्रश्नाभोवती फिरतात. सगळ्यात भारी पाच घेतले की झालं, असं का नसतं? तर दादासाठी आणि ज्यांनी बास्केटबॉल कधी धड पाहिलाच नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी कनेटिकटमध्ये राहतो, हार्टफर्डच्या जवळ. इन्शुरन्स कंपन्यांचं शहर, त्यामुळे आयटीतले मराठी लोक भरपूर. राज्यात एनबीएची, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, टीम नाही, त्यामुळे स्टोर्स नावाच्या छोट्याशा गावात असलेली युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट, म्हणजे यूकॉन, हीच सगळ्यांची टीम. न्हाव्याकडे जा, डेंटिस्टकडे जा, विषय तोच. पुरुषांच्या टीमने २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. (बायकांची टीम तर त्याहून भारी, २०२५ मध्ये त्यांनी बारावं जिंकलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता गणित, अगदी सोपं. कॉलेजच्या पुरुषांची मॅच ४० मिनिटांची, २० च्या दोन हाफमध्ये. एका वेळी पाच जण कोर्टवर. पाच गुणिले चाळीस, म्हणजे कोचकडे वाटायला २०० मिनिटं. ओव्हरटाइम सोडला तर एकही जास्त नाही. टीममध्ये तेरा-पंधरा पोरं असतात पण महत्त्वाच्या मॅचमध्ये खरे खेळतात आठ, फार तर नऊ. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, म्हणून बास्केटखाली धक्काबुक्की करणारे उंच गडी, म्हणजे सेंटर, दोन तरी लागतातच, एक बसला की दुसरा.

क्रिकेटमध्ये कसं, तुझी बॅटिंग आली की ती तुझीच, समोरचा कितीही मोठा असला तरी तुझ्या वाट्याचा बॉल तूच खेळणार. इथे बॉल एक आणि तो हवा असलेले पाच, सगळे एकाच वेळी कोर्टवर. एका मॅचमध्ये एका टीमला हल्ल्याच्या साधारण सत्तरच्या आसपास संधी मिळतात, प्रत्येक संधीला जास्तीत जास्त ३० सेकंद. आणि प्रत्येक संधीचा शेवट कुणातरी एकाच्या हातून होतो, तो शॉट मारतो किंवा फ्री थ्रो मिळवतो किंवा बॉल घालवून बसतो. यातला किती हिस्सा कुणाच्या वाट्याला येतो त्याला यूसेज म्हणतात. पाचही जणांनी सारखा वाटून घेतला तर प्रत्येकी २० टक्के. एखादा स्टार २८ टक्के घेत असेल तर उरलेल्या चौघांना सरासरी १८ च. शाळेतलं गणित आहे हे, पण ऑक्टोबरात ते कुणालाच आठवत नाही.

दादा, तुला कबड्डी कळते म्हणून सांगतो. सातच्या सात जण भारी रेडर घेऊन उतरलास तर काय होईल? कॉर्नरला कोण उभा राहणार, कव्हरला कोण, घोटा कोण धरणार? रेडला जाणार एका वेळी एकच, बाकीचे सहा मागे नुसते बघत बसणार आणि समोरचा आला की बोनस घेऊन जाणार. बास्केटबॉलमध्ये रोल रोल जे म्हणतात ते हेच. फक्त तिथे मैदानावर जागा ठरलेल्या असतात म्हणून डोळ्यांना दिसतं, आणि इथे सगळे सतत पळत असतात म्हणून पटकन दिसत नाही.

कागदावर पोझिशन पाच आहेत, पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर. पण आजकाल फॅन या नावांनी फारसे भांडत नाहीत. भांडण कामांवरून असतं. बॉल पुढे आणून खेळ सुरू कोण करणार (हे बहुतेक गार्डचं काम). बॉल हातात नसताना पळत राहून मोकळं होऊन लांबून थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, कोण मारणार. समोरच्या टीमच्या सगळ्यात धोकादायक पोराच्या मागे चाळीस मिनिटं कोण लागणार. बास्केटखाली उभं राहून शॉट कोण अडवणार. आणि बेंचवरून पहिला उठून कोण येणार, ज्याला सिक्स्थ मॅन म्हणतात. यातली दोन-तीन कामं एकट्याने करणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण एखादं काम करायला कुणीच नाही असं झालं की मग बाकीचे कितीही भारी असोत, मार्चमध्ये, विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, ते बाहेर येतंच.

गुणांच्या आकड्यावरून रोल कळत नाही याचं माझं आवडतं उदाहरण आंद्रे जॅक्सन ज्युनियर. २०२३ च्या विजेत्या टीममध्ये तो होता, सरासरी सातच्याही खाली गुण. लांबून शॉट जेमतेम, समोरचे त्याला मुद्दाम मोकळा सोडायचे. पण पास देणं, पळणं, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) खेचणं आणि समोरच्याच्या नाकी नऊ आणणं ही सगळी कामं त्याची. नुसता स्कोअरकार्ड वाचणाऱ्याला तो दिसणारच नाही. त्याच टीममध्ये सेंटर होता अडामा सनोगो, सरासरी सतरा गुण, आणि त्याच्यामागे बेंचवर बसायचा सात फूट दोन इंचाचा डॉनोव्हन क्लिंगन, याच राज्यातला पोरगा, मॅचला साधारण तेरा मिनिटं मिळायची. तेरा! पुढच्या वर्षी सनोगो गेला, क्लिंगन पहिल्या पाचात आला आणि २०२४ मध्ये इलिनॉयविरुद्ध यूकॉनने सलग ३० गुण केले, समोरच्यांना शून्य. इलिनॉयची पोरं आत घुसायची, क्लिंगनचा हात दिसायचा आणि शॉट कुठेतरी भलतीकडेच जायचा. तीच उंची, तोच माणूस, फक्त रोल बदलला. त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला सातव्या नंबरवर उचललं.

आणि इथूनच आमचं डोकं फिरलं.

कारण २०२३ च्या उन्हाळ्यात सनोगो, जॅक्सन आणि जॉर्डन हॉकिन्स असे पहिल्या पाचातले तिघे गेले होते आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा कप आला, तोही आधीपेक्षा आरामात. फायनलला पर्ड्यूला ७५–६० ने हरवलं. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ट्रिस्टन न्यूटन, कॅम स्पेन्सर, स्टेफन कॅसल आणि क्लिंगन असे पहिल्या पाचातले चौघे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये गेले तेव्हा इथे कुणाला फार घाम फुटला नाही. कोच डॅन हर्लीने तर एनबीएतल्या लेकर्स टीमची ऑफर नाकारली होती, मग काय, तिसरा कप येणारच. लागोपाठ तीन विजेतेपदं पुरुषांमध्ये आजवर फक्त कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीने जिंकलीत, तीही १९६७ ते १९७३ अशी सलग सात, पन्नास वर्षं झाली त्याला. आमच्या ऑफिसमध्ये मात्र हिशोब सुरू झाला.

हिशोब असा. अ‍ॅलेक्स काराबान परत येतोय, पाचातला उरलेला एकमेव. हसन डियारा, आदल्या वर्षीचा सिक्स्थ मॅन, त्याबद्दल कॉन्फरन्सचं (आमच्या कॉलेजांच्या गटाचं) बक्षीसही मिळालेला, तो आता पॉइंट गार्ड. सेंट मेरीज कॉलेजातून एडन महेनी येतोय, तिकडे सरासरी जवळजवळ चौदा गुण. मिशिगनहून टॅरिस रीड, तिकडे नऊच्या आसपास. नवा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, लियम मॅकनीली, देशातल्या वरच्या पोरांपैकी एक. शिवाय सोलो बॉल, जेलिन स्टुअर्ट, सॅमसन जॉनसन आहेतच. शेजारच्या क्युबिकलमधल्याने कॉफीच्या टिश्यूपेपरवर मिनिटं मांडली, डियारा ३०, महेनी ३०, बॉल २५, मॅकनीली ३२, काराबान ३५, स्टुअर्ट २२, जॉनसन २२, रीड २५, आणि अजून दोघांना आठ-आठ. मी बेरीज केली. २३७.

म्हणजे ३७ मिनिटं हवेतली. सेंटरच्या जागेचंच बघा, जॉनसन २२ आणि रीड २५ म्हणजे ४७, आणि मॅच ४० ची! दोघांना एकत्र खेळवल्याशिवाय ते होणारच नाही, आणि दोन सेंटर एकत्र खेळवले तर बास्केटखाली गर्दी, मग आत घुसायला जागा कुणाला. यावर तो म्हणाला डिटेल्स रे, हर्ली बघून घेईल.

मी हसलो खरा, पण माझी चूक त्याच्याहून मोठी होती. मी गुणांची बेरीज करत होतो. महेनीचे चौदा, रीडचे नऊ, काराबानचे तेरा वगैरे. आता कळतं की दुसऱ्या टीममधले गुण असे सामानासारखे उचलून आणता येत नाहीत. सेंट मेरीज ही देशातल्या सगळ्यात संथ खेळणाऱ्या टीमपैकी एक, तिथे महेनीच्या हातात बॉल असायचा, तो सेंटरचा आडोसा घेऊन हळूच आत जाऊन शॉट काढायचा, त्याच्या मनाने, त्याच्या वेगाने. हर्लीच्या यूकॉनमध्ये उलटं, गार्डला बॉलशिवाय पळावं लागतं, एका आडोशाआडून दुसऱ्या आडोशाकडे, बॉल आला की लगेच मारायचा नाहीतर पुढे द्यायचा, आणि बचावात चुकलास तर बेंचवर. म्हणजे कामच वेगळं होतं. घरी मोदक उत्तम करणाऱ्याला लग्नाच्या पंक्तीत वाढायला उभं केल्यासारखं, माणूस तोच, हात तेच, पण त्याला जे येतं ते कुणी मागतच नाहीये. महेनीची सरासरी त्या वर्षी पाचाच्याही खाली गेली आणि सीझन संपल्यावर तो दुसऱ्या कॉलेजात गेला. पोरगा वाईट नव्हता हो. मी ऑगस्टमध्ये त्याला "नवा न्यूटन" म्हणत होतो, ती चूक माझी.

रीडचं पण तसंच बघा, आधीच्या वर्षी मिशिगन ३२ पैकी २४ मॅच हरली होती. हरणाऱ्या टीममध्ये कुणीतरी नऊ-दहा गुण करणारच ना. त्यातले स्वतःच्या जोरावर किती आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून किती, हे बाहेरून ओळखणं फार कठीण. गंमत म्हणजे तो इथे बराच उपयोगी निघाला, पण बेंचवरून.

काराबानचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण रोल म्हणजे काय ते त्याच्याइतकं कुणी दाखवलं नाही. आधीची दोन वर्षं समोरची टीम कधी सनोगोच्या मागे, कधी हॉकिन्स, कधी न्यूटन, कधी क्लिंगनच्या मागे असायची, आणि हा कोपऱ्यात मोकळा उभा. बॉल आला की थ्री. चौघांनी तयार केलेल्या जागेत पाचवा. २०२४–२५ मध्ये तो नंबर एक झाला, समोरचा सगळ्यात चांगला बचाव करणारा त्याच्यावर, मोकळा श्वास नाही. गुण थोडे वाढले पण थ्रीचा टक्का घसरला. फॅन म्हणाले, पोरगा बिघडला. मला वाटतं बिघडला वगैरे काही नव्हता, त्याचे शॉट अवघड झाले होते. चौथ्या क्रमांकाचं काम अप्रतिम करणाऱ्याला पहिल्या क्रमांकावर बढती दिली की असं होतं. ऑफिसात आपण हे रोज बघतो, भारी कोडिंग करणाऱ्याला मॅनेजर करतात आणि मग दोन्ही जातात.

आणि जे काम आमच्यापैकी एकाच्याही टिश्यूपेपरवर नव्हतं ते होतं कॅसलचं. स्टेफन कॅसल सहा फूट सहा इंचाचा गार्ड, फ्रेशमन, सरासरी अकरा गुण, पण समोरच्या टीमचा खतरनाक गार्ड बहुतेक वेळा त्याच्या गळ्यात. न्यूटन पण सहा पाच. त्यांच्या जागी आले डियारा सहा दोन आणि महेनी सहा तीन. आम्ही अकरा गुण कुठून भरायचे ते शोधत बसलो, अडवणारा हात कुठून आणायचा हे कुणी विचारलंच नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात हवाईतल्या मावीच्या स्पर्धेत तीन दिवसांत तीन मॅच हरलो, मेंफिसविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ९९–९७, कोलोरॅडोविरुद्ध ७३–७२, आणि डेटनने तर ८५–६७ ने धुतलं. थँक्सगिव्हिंगचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. समोरचे गार्ड सरळ आत घुसत होते, आणि ते घुसले की सेंटर मदतीला धावणार, धावला की फाउल, फाउल झाले की बेंच. वरून बघणाऱ्याला वाटतं सेंटर खराब आहे, पण गळती पुढच्या दारात होती.

अर्थात सगळंच काही चुकलं नाही. आदल्या वर्षी सरासरी तीनच्या आसपास गुण करणारा सोलो बॉल एकदम चौदावर गेला, कुणीही त्याला एवढं वर धरलं नव्हतं. मॅकनीलीने फेब्रुवारीत क्रेटन युनिव्हर्सिटीच्या कोर्टवर जाऊन ३८ गुण काढले. पण मार्चमध्ये दुसऱ्याच फेरीत फ्लॉरिडाने ७७–७५ ने घरी पाठवलं.

तीच फ्लॉरिडा पुढे ह्यूस्टनला ६५–६३ ने हरवून चॅम्पियन झाली, आणि तिचे तिन्ही मुख्य गार्ड दुसऱ्या कॉलेजातून आलेले, वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लॉरिडा अटलांटिकहून. मग माझं मघाचं म्हणणं खोटं का? तेव्हा मलाही तसंच वाटलेलं. पण नीट बघा, रिचर्डचं ते फ्लॉरिडातलं तिसरं वर्ष होतं, क्लेटनचं दुसरं, एकटा मार्टिन नवा. कुणी कधी बॉल सोडायचा हे त्यांचं आधीच ठरून गेलेलं होतं, नव्याला फक्त एक रिकामी जागा भरायची होती. आमच्याकडे उलटं, जुना एक आणि बाकी सगळ्यांची जागा नवी.

हे वाद पूर्वी इतके नव्हते असं इथले जुने लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. आधी पोरं तीन-चार वर्षं त्याच कॉलेजात राहायची. एखाद्याला पहिलं वर्ष न खेळवता नुसतं सरावात ठेवायचे, त्याला रेडशर्ट म्हणतात, पाच वर्षांत चार सीझन खेळता यायचे म्हणून ते चालायचं. काराबानपण तसाच आलाय, जानेवारी २०२२ मध्ये दाखल झाला आणि तो सीझन बसून काढला. म्हणजे फॅनला आधीच माहीत असायचं, हा सीनियर गेला की तो ज्युनियर वर सरकणार, वाड्यात कोणती खोली पुढे कुणाला मिळणार हे ठाऊक असतं तसं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे मला कॉलेज बदलायचंय अशी नावनोंदणी. २०२१ पासून पहिल्यांदा बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली, २०२४ मध्ये अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला असं झालं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे बेंचवर तेरा मिनिटं खेळत शांतपणे वाट बघणारा क्लिंगन आता दुर्मिळ. ज्याला रोल आवडला नाही तो एप्रिलमध्ये निघून जातो. म्हणून दर उन्हाळ्यात अर्धी टीम नवी, आणि दर ऑक्टोबरात टिश्यूपेपर.

त्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५–२६ च्या सीझनआधी, काराबान होता, सोलो बॉल होता, रीड होता. जॉर्जियाहून सायलस डेमरी आणला होता, उंच गार्ड, म्हणजे आदल्या वर्षीची गळती हर्लीलाही दिसली होती. डेटनहून मलाकाय स्मिथ, हो त्याच डेटनहून ज्यांनी मावीत धुतलं. ब्रेलन मलिन्स नावाचा शूटर फ्रेशमन. आणि जर्मनीचा सात फुटी एरिक राइबे, ज्याच्यावरून मी पार्किंगमध्ये भांडत होतो, रीडच्या मागे त्याला दहा मिनिटं मिळतील की पंधरा. दादा, चाळीसातून रीडला किती, यावर सगळं होतं, आणि रीडला किती हे त्याच्या फाउलवर, आणि फाउल डेमरी पुढे किती अडवतो त्यावर.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी पुन्हा टिश्यूपेपर निघाले. शेजारच्याची बेरीज या वेळी २२१ आली, प्रगती आहे. मी माझ्या कागदावर १८० मिनिटं वाटली आणि वीस कोरी ठेवली, कुणाचंच नाव न लिहिता. तो कागद उलटसुलट करून बघत म्हणाला, ही चीटिंग आहे.